उघडी राहिलेली फाइल

धैर्यशील सरनोबतच्या डोक्यातली चकती अनमाउंट व्हायला तयार नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याच्या बायकोला, गिरिजाला, सुरुवातीला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट थोडं हायसंच वाटलं. नवऱ्याच्या मेंदूतल्या बिघाडापुढे तिनं कधीच हात टेकले होते. अनमाउंटचा घोळ मात्र तिच्या हातातला होता. ती कंपनीत पगार घेत होती तो असले घोळ निस्तरण्यासाठीच.

कोल्हापूरजवळ शिरोलीला पूर्वी फौंड्र्यांच्या भट्ट्या धगधगायच्या. आता त्याच शेडमध्ये पांढऱ्या झग्यातली माणसं शरीरात बसवायची यंत्रं बनवत. गिरिजाच्या कंपनीचं यंत्र फिट येणाऱ्या रुग्णांसाठी होतं. कानाच्या वर, कवटीच्या आत, तांदळाच्या दाण्याएवढी चकती बसायची आणि तिच्या केसासारख्या तारा मेंदूच्या ऐकण्याच्या भागावर टेकायच्या, कारण या रुग्णांची फिट तिथूनच उठते. मेंदूत जे जे चालतं ते चकती तासातासाच्या फाइलींत लिहून ठेवायची. डॉक्टर ते नंतर बाहेर काढून बघायचे आणि फिट कुठून सुरू झाली हे शोधायचे. चकतीचं काम नुसतं लिहिण्याचं. वाचून दाखवणं तिला माहीतच नव्हतं. म्हणून कंपनीत सगळे तिला टिपकागद म्हणत.

धैर्यशील पोहण्याचा प्रशिक्षक. पहिली फिट त्याला तलावाच्या काठावर आली हे नशीबच, पाण्यात आली असती तर कथा तिथेच संपली असती. तेव्हापासून पाण्यात उतरणं बंद. काठावर उभं राहून शिट्टी वाजवायची आणि पोरांवर ओरडायचं, एवढंच त्याच्याकडे उरलं होतं. टिपकागद बसवून वर्ष होत आलं आणि कंपनीच्या लक्षात आलं, की त्या वेळच्या चकत्यांच्या आवरणातून आत ओल जाते आहे. सगळ्या परत काढायचं ठरलं. बाकीच्या रुग्णांच्या सुरळीत निघाल्या. धैर्यशीलची अडली.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?" धैर्यशीलनं विचारलं. कंपनीच्या तपासणीच्या खोलीत तो खुर्चीवर बसला होता. डोक्यावर अँटेनाची रबरी टोपी होती आणि तिच्यात तो थेट तलावावरचा सर दिसत होता.

"वापरात आहे म्हणतंय."

"कोण वापरतंय? मी तर गप बसलोय की."

गिरिजा हसली. लग्न झालं तेव्हा अनमाउंट म्हणजे काय हे तिनं त्याला त्याच्याच तलावावरून समजावलं होतं. संध्याकाळी तू तलावाला कुलूप लावतोस, त्याआधी डोकी मोजतोस ना? आत एकही पोर राहिलेलं चालत नाही. कर्नल तेच करतो. कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला सगळ्यात आतला प्रोग्रॅम. साठवणीची चकती यंत्राला जोडली, की ती माउंट झाली. ती सोडवायची असेल, तर कर्नल आधी लिहायचं राहिलेलं लिहून घेतो, मग कुणी एखादी फाइल उघडी धरून बसलंय का ते मोजतो. मोजणी शून्यावर आली तरच चकती सुटते. एक जरी फाइल उघडी असली, तरी कर्नल ढिम्म हलत नाही. आणि बरोबरच आहे, कुणी आत असताना कुलूप कसं लावायचं?

धैर्यशीलच्या चकतीत मोजणी एकावर अडली होती. कोण आत आहे, हे बघायला गिरिजानं उघड्या फाइली मागवल्या. एकच आली. तिच्यासमोर कर्नलनं लिहिलं होतं : वाचण्यासाठी उघडी.

तिनं ते पुन्हा वाचलं. टिपकागदात वाचणारं कुणी नसतं. वाचणारा प्रोग्रॅम त्यात कधी घातलाच नव्हता.

गिरिजाचे साहेब मुजुमदार. त्यांना कशाचंही आश्चर्य वाटत नसे. ते म्हणाले, "मोजायला चुकलाय तो. कुठेतरी एक वाढवलाय आणि कमी करायला विसरलेत. जुनाच रोग."

गिरिजालाही तसंच वाटलं. उघडताना मोजणी वाढवायची आणि बंद करताना विसरायची, ही चूक कर्नल लिहिणाऱ्यांच्या पाचवीला पुजलेली. ती कोडमध्ये डोकं घालून बसली. प्रत्येक वाढवण्यासमोर कमी करणं आहे का, ओळ न् ओळ तपासली. सगळं जागच्या जागी होतं. प्रयोगशाळेतल्या टेबलावर तसलीच चकती ठेवून तिनं नाना प्रकारे छळली. ती दर वेळी मुकाट्यानं सुटली. अडायची ती फक्त एका माणसाच्या डोक्यात.

मग दुपारी चहा घेता घेता तिच्या डोळ्यांसमोर एक गोष्ट घडली. धैर्यशील टोपी घालून खुर्चीत डोळे मिटून बसला होता. पडद्यावर त्या उघड्या फाइलीपुढे एक लांबलचक आकडा होता, वाचणारा फाइलीत कुठे पोचलाय ते सांगणारा. तो आकडा हलला. सावकाश वाढत गेला, एका जागी थांबला, आणि झटकन मागे जाऊन पुन्हा वाढायला लागला.

मोजणीतली चूक हलत नसते. विसरलेली फाइल जागच्या जागी पडून राहते. इथे कुणीतरी वाचत होतं, थांबत होतं, मागे जात होतं.

गिरिजाचा कप हातातच राहिला.

पुढचे काही तास तिनं झपाटल्यासारखं काम केलं आणि रस्ता सापडला. तारा नीट टेकल्या आहेत का हे बघायला डॉक्टर अधूनमधून एक परीक्षा घेत. बाहेरून ठरावीक ठोक्यांची खूण द्यायची, मग चकती आपल्याच फाइलीतला तुकडा वाचून त्याच तारांतून हलकेच मेंदूला परत द्यायची. त्या परीक्षेपुरता वाचणारा कोडचा छोटा तुकडा तारांच्या प्रोग्रॅममध्ये होता, आणि परीक्षा इतकी किरकोळ, की तो तिथे आहे हे सगळे विसरून गेले होते. ठोक्यांची खूण तारांतूनच यायची. ती डॉक्टरांच्या यंत्राकडून आली की दुसरीकडून, हे तपासायचं कुणाला सुचलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला असणार कोण?

दुसऱ्या बाजूला मेंदू होता. परीक्षेच्या वेळी ठोके पडतात आणि मग ऐकू येतं, एवढं त्यानं हेरलं होतं. मग ते ठोके तो स्वतःच द्यायला शिकला. कुठल्या तासासाठी कसे, हेही. तान्हं मूल रडलं की आई येते हे शिकतं, तितक्याच निमूटपणे धैर्यशीलचा मेंदू स्वतःचा टिपकागद वाचायला शिकला होता.

जगात हे कधी झालं नव्हतं. कशाचंही आश्चर्य न वाटणारे मुजुमदारही खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. ते म्हणाले, "म्हणजे माणसाला गेलेला तास जसाच्या तसा ऐकता येतोय?"

"जसाच्या तसा," गिरिजा म्हणाली. "तो जागा असो की बेशुद्ध. कान आणि ऐकण्याचा भाग चालूच असतो. माणसाला पत्ता नसतो, पण टिपकागद टिपत असतो."

हे बोलता बोलता तिनं फाइलीच्या नावाकडे नीट पाहिलं. नावात तारीख आणि तास असायचा. ती तारीख तिच्या ओळखीची होती.

त्या तासाला धैर्यशील आयसीयूत बेशुद्ध पडलेला होता. पावसाळ्यात फिटवर फिट येऊन त्याला दवाखान्यात टाकावं लागलं होतं, तेव्हाचा तास. गिरिजा त्याच्या उशाशी एकटी होती. आणि त्याच तासात गडहिंग्लजहून तिच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, फोन आला होता. अक्कानं विचारलं होतं, कसा आहे. आणि गिरिजा नवऱ्याच्या पलंगाच्या दांडीला हात टेकून, त्याच्या कानापासून हातभर अंतरावर म्हणाली होती, "अक्का, हा उठलाच नाही ना, तर मी सुटेन गं."

तो उठला. चार दिवसांत घरी आला. आणि त्यानंतर बदलला. स्वतःच्या गोळ्या स्वतः घ्यायला लागला, दवाखान्यात एकटा जायला लागला. 'तू कशाला रजा टाकतीस' म्हणायला लागला. गिरिजाला ते माणसात आलेलं शहाणपण वाटलं होतं. आता तिला सगळं उलटं दिसायला लागलं. ज्या माणसापासून बायकोला सुटायचंय, त्यानं वागावं तसा तो वागत होता. किती महिने तो ते वाक्य ऐकत होता? मागे जाऊन पुन्हा, मागे जाऊन पुन्हा?

"जबरदस्तीनं सोडवू या?" मुजुमदार विचारत होते. "मोजणी बघायचीच नाही. सरळ चकती तोडायची."

तिनं टेबलावर ते करून बघितलं. वाचणारा मध्येच तुटला, की तारांतला प्रवाह बंद होत नव्हता, सुरूच राहत होता. माणसाच्या डोक्यात तसं झालं, तर आजवरच्या सगळ्या फिटा परवडल्या असत्या.

"मग तो वाचणारा बंद कधी होतो?"

"फाइलीच्या शेवटाला पोचला की," गिरिजा म्हणाली. "परीक्षेचा तुकडा संपला की फाइल बंद, असं लिहिलंय. हा शेवटपर्यंत जातच नाही. मध्येच फिरतो."

"मग शेवट पुढून अलीकडे आण की! कापून टाक फाइल. लांबी कमी केली, की आहे तिथेच शेवट. वाचणारा आपोआप बंद, चकती मोकळी. दोन मिनिटांचं काम. एवढं काय आहे त्या तासात?"

"काही नाही," गिरिजा म्हणाली. "दवाखान्यातला आवाज."

तिनं कापायचा आदेश लिहून तयार ठेवला, पण चालवला नाही. चकतीतून वाक्य जाईल, धैर्यशीलच्या मनातून ते कसं जाणार? इतके दिवस तो गप्प आहे. डोक्यातली चकती निघेल आणि हे दोघांत तसंच कुजत राहील. आधी बोलायलाच हवं, असं तिनं ठरवलं आणि त्या ठरवण्याचा तिला स्वतःचाच थोडा अभिमानही वाटला.

ती घरी आली तेव्हा धैर्यशील पुढच्या खोलीत पोरांच्या पोहण्याच्या चष्म्यांचे तुटलेले पट्टे शिवत बसला होता. गिरिजा चप्पल काढून सरळ त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"धैर्या, मला कळलंय तू काय ऐकतोस ते."

त्याची सुई थांबली. चोरी पकडलेल्या पोरासारखा चेहरा झाला. "यंत्रात दिसतंय व्हय ते?"

"दिसतंय. आयसीयूतला तास. तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काढून टाकलं असतं तुम्ही." तो खाली बघत म्हणाला. "मला आधी वाटलं नुसती आठवण आहे. पाण्यात सूर मारायच्या आधी श्वास धरतो ना, तसं मनातल्या मनात काहीतरी धरायचं, की आवाज येतो. तुझा."

तिचा धीर सुटला. हुंदका आवरत ती बोलून गेली, "चुकलं रे माझं. किती रात्रींची झोप नव्हती मला. अक्काचा फोन आला आणि तोंडातून निघून गेलं. तू उठला नाहीस तर मी सुटेन, हे मी म्हटलं, नाही म्हणत नाही. पण त्या एका क्षणाचं होतं ते. तू ते इतके महिने ऐकत राहिलास आणि मला एक शब्द..."

ती थांबली, कारण धैर्यशील तिच्याकडे विचित्र नजरेनं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो गोंधळला होता, आणि मग तो गोंधळ हळूहळू नाहीसा होत गेला.

"कुठला फोन?" तो म्हणाला.

त्यानं शिवत असलेला चष्मा बाजूला ठेवला.

"मी फोनबिन काही ऐकलेला नाही," धैर्यशील सावकाश म्हणाला. "तू मला कसलातरी बग समजावून सांगतीस. दोन प्रोग्रॅम आहेत, दोघांनी एकेक कुलूप धरलंय आणि दुसऱ्याचं सुटायची वाट बघत बसलेत. दारात दोघं अडकल्यासारखे. आधी तू जा, नाही आधी तू जा. मला त्यातलं काय डोंबल कळतंय. पण तू सांगत बसलीस, सांगता सांगता तुलाच उत्तर सापडलं आणि तू हसलीस. मोठ्यांदा. तिथवर ऐकतो आणि परत पहिल्यापासून लावतो."

गिरिजाला आठवलं. आठवलं म्हणजे अंगावरच आलं. अडलेला बग मोठ्यानं कुणाला तरी सांगायचा, ऐकणाऱ्याला कळलं नाही तरी चालतं, सांगता सांगता चूक सापडते, ही तिच्या धंद्यातली जुनी पद्धत. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती रोज धैर्यशीलला सांगायची. मग कधीतरी ते बंद पडलं. आयसीयूत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बेशुद्ध नवऱ्याला सांगत बसली होती. फोन त्यानंतर आला होता.

तिनं बॅगेतून लॅपटॉप ओढून काढला. फाइलीचं नाव बघून ती घाबरली होती, पण त्यापुढचा आकडा तासातल्या कुठल्या मिनिटाचा, हे तिनं काढलंच नव्हतं. दोन ओळींचा हिशेब. हाताखालच्या पोरांनी असं केलं असतं, तर तिनं चारचौघांत झापलं असतं : फाइल बघून निष्कर्ष काढू नका, आत कुठे आहात ते बघा. हिशेब समोर आला. वाचणारा दर वेळी फोन वाजायच्या आधी थांबत होता. त्याच्या पुढे एकदाही गेला नव्हता.

त्याला काहीच माहीत नव्हतं. तिनंच आत्ता, स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

एखाद्यानं घरातली आग विझवायला धावावं आणि मग कळावं की पाण्याची बादली समजून रॉकेलचा डबा उचलला होता, तसं काहीसं तिचं झालं. धैर्यशीलनं सुई गादीत टोचून ठेवली.

"आपलं आपण उठायला लागलो, गोळ्या घ्यायला लागलो, ते तू दमलीस म्हणून," तो म्हणाला. "आणि तू परत बोलायला लागशील वाटलं म्हणून."

"धैर्या..."

"उद्या ते काढणार ना? मग काढा की. अडलंय कुठे?"

तिनं सांगितलं. न सांगून चालणार नव्हतं. वाचणारा शेवटाला पोचेपर्यंत फाइल बंद होत नाही, आणि तो हसण्यापाशी थांबतो. एक तर शेवटपर्यंत ऐकायला हवं, नाहीतर फाइल तिथेच, हसण्यापाशी कापायची. आदेश तयार आहे. एक बटण.

"कापलं तर पुढचं जातंय?"

"जातं. कायमचं."

"आणि चकती काढल्यावर बाकीचं?"

"ते डॉक्टरांच्या कपाटात. तुला पुन्हा ऐकता येणार नाही. नवीन बसेल ती महिन्याभरानं, आणि तिच्यात तो वाचणारा नसेल. मीच काढणार आहे."

त्यानं मान हलवली, चष्मा उचलला आणि पुन्हा पट्टा शिवायला लागला. कापू की नको, हे तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "बघू." त्या रात्री दोघं एकाच पलंगावर जागी होती आणि दोघांनाही ते माहीत होतं. गिरिजा अंधारात ऐकत राहिली, पण दुसऱ्याच्या डोक्यातलं ऐकू येत नाही.

शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला जागं ठेवत, नुसती जागा बधिर करत. डॉ. हिरेमठ बाई कामाला पक्क्या आणि बोलायला मोकळ्या. "सरनोबत सर, आज तुम्ही कोरडेच पोहायचं," असं म्हणून त्यांनी कापडी पडदा ओढला. धैर्यशीलचा चेहरा पडद्याच्या अलीकडे होता, गिरिजाच्या बाजूला. डोळे मिटलेले. ती यंत्रापाशी बसली. एका खिडकीत मोजणी : एक. दुसऱ्या खिडकीत कापायचा आदेश, नुसता दाबायचा राहिलेला.

"सोडवा मॅडम," हिरेमठ बाई म्हणाल्या.

गिरिजानं अनमाउंट केलं. वापरात आहे.

"धैर्या, कापू ना रे?" ती हळू आवाजात म्हणाली.

त्याचे डोळे मिटलेलेच राहिले. आणि पडद्यावरचा आकडा हलायला लागला. या वेळी तिनं त्याच्याशेजारी मिनिटंही लावून ठेवली होती, त्यामुळे कुठे काय चाललंय ते तिला कळत होतं. ती बग सांगते आहे. दोघं दारात अडकलेत. आता उत्तर सापडलं. आता हसते आहे. इथे तो थांबतो.

आकडा थांबला नाही. हसणं ओलांडून पुढे गेला.

गिरिजाचं बोट बटणावर होतं. दाबलं असतं तर तिथल्या तिथे शेवट आला असता. काल तिनं सांगितलं होतं ते सांगितलेलंच राहिलं असतं, तिच्या शब्दांत, हुंदक्यासकट, चूक झाली म्हणत. फोन वाजला असणार. ती उठून पलंगाच्या दांडीपाशी गेली असणार. धैर्यशीलच्या मिटलेल्या पापण्या थरथरल्या. आता ते वाक्य. ऐकलं त्यानं. तिच्यासमोर, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच आवाजात.

बोट तसंच राहिलं. ती ते दाबू शकली नाही, आणि आपण थोर आहोत म्हणून दाबलं नाही, असंही नव्हतं. तिला नुसतं हलताच येत नव्हतं.

आकडा अजून वाढत होता. वाक्य तर कधीच मागे पडलं होतं. मग अजून काय उरलंय? अक्काशी पुढे काय बोललो होतो आपण? तिला आठवेना. तिनं खूप डोकं खाजवलं, तरी आठवेना. आणि भीती वाटली ती आत्ता, पहिल्यांदा, खरीखुरी.

आकडा शेवटाला पोचला. फाइल बंद झाली. मोजणी शून्य.

"सुटली," गिरिजा म्हणाली.

हिरेमठ बाईंनी चकती काढून ताटलीत ठेवली. टिचकीत उडून जावी एवढीशी.

दुपारी धैर्यशीलला बाजूच्या खोलीत आणलं. कानावर पट्टी होती. चहा पिऊन झाल्यावर त्यानं नर्सला बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. गिरिजा खिडकीपाशी उभी होती.

"ऐकलं मी," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"कापलं नाहीस?"

"नाही."

"तू काल सांगितलंस त्याच्या पुढंही बोलली होतीस गं. अक्का बहुतेक ओरडली तुझ्यावर, असलं काय बोलतीस म्हणून. मग तू म्हणालीस, 'आज दमले म्हणून म्हणत नाहीये. हे पहिल्यांदा नाही वाटलेलं मला.'"

गिरिजानं खिडकीची कड धरली. कालचं 'एका क्षणाचं होतं ते' हे तिचंच वाक्य तिच्या कानात वाजलं. खोटं बोलावं म्हणून ती खोटं बोलली नव्हती. ती विसरली होती. चकती विसरली नव्हती.

धैर्यशीलनं हात पुढे करून शेजारची खुर्ची ओढली. "आता माझ्या डोक्यात काही नाही. महिनाभर काही टिपलं जाणार नाही. तू सांगशील ते मला जेवढं लक्षात राहील तेवढंच राहील. म्हणून आत्ताच विचारतो. पहिल्यांदा कधी वाटलं?"

त्याच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं, तरी तिनं बघितलं. सोपं उत्तर समोर होतं : पहिली फिट आली त्या दिवशी. कुणालाही पटलं असतं, त्यालाही, आणि कालपर्यंत कदाचित तिलाही.

ती येऊन खुर्चीवर बसली.

"तुझ्या आजाराच्या आधी," गिरिजा म्हणाली. "बरंच आधी."

धैर्यशीलच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण त्यानं मान वळवली नाही. पुढचं ऐकायला तो थांबला, आणि गिरिजा पहिल्यापासून सांगायला लागली.